न विचारणारा हात

त्या हॉस्पिटलातल्या टेलिफोनच्या बोर्डवर एक बाई एकतीस वर्षं बसल्या. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, औषधांच्या कोठारातला कारकून, सगळ्यांना त्यांचा आवाज ठाऊक होता. तोंड ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बोर्डाची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात होती, आणि जिन्याच्या पोटात काम नसताना कोण कशाला डोकावेल? लोक त्यांना नुसतं ‘बोर्ड’ म्हणत. ‘बोर्डला सांग’, ‘बोर्ड झोपलाय का’, असं. माणसाचं फर्निचर व्हायला एवढं पुरतं.

बोर्ड म्हणजे समोर उभी काळी फळी. तिच्यात आठ रांगा, रांगेत वीस भोकं, प्रत्येक भोकावर मुगाएवढा दिवा. ज्या खात्याला बोलायचं असेल त्याचा दिवा लागायचा. मेजावर दोऱ्यांच्या जोड्या ओळीनं उभ्या असायच्या, टोकाला पितळी प्लग. एक दोरी दिव्याखालच्या भोकात घालायची, ‘बोर्ड’ म्हणायचं, समोरच्याला कोण हवंय ते ऐकायचं, ‘जोडते’ म्हणायचं, आणि जोडीतली दुसरी दोरी हव्या त्या भोकात. एकशेसाठ भोकं, पेन्सिलीच्या जाडीची. दिवसातून हजारदा.

बाई पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा वीस-एकवीसच्या असतील. शिकवायला होत्या आक्का. आक्का म्हणजे आधीच्या ऑपरेटर, बोलायला फटकळ, पण शिकवायला बसल्या की हातचं काही राखून ठेवत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंचा हात हवेतच धरला.

“बघितलंस का, हात काय करतोय? भोकापाशी जातो झपकन, आणि तिथं जाऊन थांबतो. मग इकडे चाचपतो, तिकडे चाचपतो, डोळ्यांना विचारतो, हेच का, हेच का. मग घुसतो.”

“मग काय करू?”

“काही करू नकोस. लावत राहा. ज्या दिवशी हात विचारायचा बंद होईल, त्या दिवशी तू ऑपरेटर.”

बाईंना तेव्हा वाटलं, म्हातारी उगाच कोड्यात बोलते. पण तसंच झालं. पहिला महिना प्लगची टोकं फळीवर ठकाठक आपटायची. दुसऱ्या महिन्यात आपटणं गेलं, भोकाच्या तोंडाशी थांबणं राहिलं. मग तेही रोज जरा जरा कमी झालं. चौथ्या-पाचव्या महिन्यात एका सकाळी बाईंच्या लक्षात आलं की आपण खिडकीबाहेरच्या मांजराकडे बघतोय आणि हातानं मधल्या वेळात तीन जोडण्या करून टाकल्यात, तिन्ही बरोबर. त्यांनी कौतुकानं आक्कांना सांगितलं. आक्का म्हणाल्या, “आता मांजराकडे बघायला हरकत नाही.” शाबासकी म्हणून एवढंच.

पुढे आक्का गेल्या. मांजरही गेलं. बाईंची आई गेली, आणि आईच्या आजारपणात लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणी मुद्दाम येऊन सांगितलं नाही. एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बाई एकट्या राहत. एक भाऊ होता, दुसऱ्या गावी. भाऊ वाईट नव्हता. ‘मागची खोली रिकामीच आहे, कधीही ये,’ असं दर भेटीत म्हणायचा, आणि वहिनी नेमकी त्याच वेळी पाणी आणायला उठायची. त्या मागच्या खोलीत बाई एकदा दोन रात्री राहिल्या होत्या. दिवसभरात तिथं त्यांच्याशी एकूण चार वाक्यं बोलली गेली, त्यातली दोन ‘जेवलीस का’ अशी होती.

बोर्डवर तसं नव्हतं. बोर्डवर सकाळी सात ते दुपारी तीन माणसंच माणसं. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या डॉक्टरांचा तुसडा आवाज, मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरचा कायम सर्दी झालेला, धुलाईखात्यातल्या माणसाचा खर्जातला. तो ‘धुलाई’ असं म्हणायचा की वाटावं, एखाद्या संस्थानाचं नाव सांगतोय. बाईंनी मनातल्या मनात त्याला ‘चादरवाले’ असं नाव ठेवलं होतं. वीस वर्षं त्या आवाजाला रोज ऐकत होत्या, पण माणूस काळा की गोरा ते माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर हे आवाज काही बाईंशी बोलत नव्हते. ते एकमेकांशी बोलत होते, बाई मधून जात होत्या. जोडलं की कान बंद करायचे, हा आक्कांचा नियम बाईंनी कधी मोडला नाही. तरी दिवसभरात हजार माणसं हाक मारतात हे काही कमी नाही, असं त्या स्वतःला सांगत. एकट्या माणसाला स्वतःला अशा पुष्कळ गोष्टी सांगाव्या लागतात.

मग डोळ्यांचं सुरू झालं.

आधी वाटलं चष्म्यावर डाग पडलाय. चष्मा पुसला, नवा केला, डाग तसाच. नजर जिथं लावावी बरोबर तिथलंच पुसलं जायचं आणि आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. घड्याळाकडे बघितलं तर काटे नाहीत, चौकट आहे. माणसाकडे बघितलं तर कान आहेत, तोंड नाही. आपल्याच हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या खात्याला बाई रोज वीसदा जोडत होत्या, पण दाखवायला गेल्या त्या गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं कुणी त्यांचा आवाज ओळखणार नाही.

“मधलं जातंय,” डॉक्टर म्हणाले. “कडेचं राहील. याला औषध नाही, बाई. घरी कोण असतं तुमच्या?”

“असतात,” बाई म्हणाल्या.

ऑफिसात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. लागणार तरी कशी? नोकरीला लागताना एकदा डोळे तपासले होते, त्यानंतर बोर्डवालीला डोळे असतात हे ऑफिस विसरून गेलं होतं. दिवे कडेनं दिसायचे. कोंबडी बघते तशी मान जराशी वळवली की फळीवर कुठं उजेड झालाय ते कळायचं, आणि पुढचं सगळं हाताकडे. हात तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच विचारायचा बंद झाला होता. ज्याला डोळ्यांचं घेणंदेणंच उरलं नाही, त्याला डोळे गेल्याचं काय? दुपारच्या पाळीची ऑपरेटर मात्र मैत्रिणींना सांगायची, बाई हल्ली शिष्ट झाल्यात, बोलताना तोंडाकडे बघतच नाहीत. बाईंच्या कानावर ते आलं. त्यांना बरंच वाटलं. शिष्ट म्हटलेलं परवडलं.

कारण एक गोष्ट त्यांना लख्ख ठाऊक होती. हे कळलं की खुर्ची जाणार, आणि खुर्ची गेली की भावाची मागची खोली. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं हातावर काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. दीड वर्ष निघालंही.

त्यानंतरच्या एका शनिवारी वायरमन आला. हॉस्पिटलाची नवी इमारत उठली होती, काही खाती तिकडे जाणार होती, आणि त्यांच्या तारा आता बोर्डाला खालच्या बाजूनं येणार होत्या. म्हणून तिसऱ्या रांगेतली शेवटची दहा भोकं सर्वांत खालच्या रांगेत सुरुवातीला, आणि तिथली पहिली दहा तिसरीत. कारण विचारलं तेव्हा तो दहा मिनिटं बोलत होता. बाईंना त्यातलं एवढंच समजलं की हे टळणार नाही.

“लहानसा बदल आहे ताई,” तो म्हणाला. “दहाची अदलाबदल. सोमवारपासून चालू. नव्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, चांगल्या छापील आहेत.”

त्या छापील चिठ्ठ्या बाईंना कोऱ्या कागदासारख्या दिसत होत्या.

“एकदा वाचून दाखवता का?” त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या. “मी लिहून घेते.”

त्यानं वाचलं, बाईंनी कागदावर पेन्सिल फिरवली. कागदावर काय उमटलं ते देव जाणे. पण एकतीस वर्षांचा कान होता, तो एकदा ऐकलेलं सांडत नसे. रक्तपेढी आठव्या रांगेत चौथी. क्ष-किरण पाचवं. धुलाई तिसरीत, उजवीकडून सातवी, म्हणजे आजवर रक्तपेढी होती तिथं.

रविवारी बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. एका मोठ्या पुठ्ठ्याला दाभणानं भोकं पाडली. दोन भोकांमधलं अंतर त्यांना मोजावं लागलं नाही, ते अंगठ्यात होतं. पुठ्ठा भिंतीला टांगला, बोर्ड असतो तेवढ्या उंचीवर. पेन्सिलीच्या तुकड्याला दोरी बांधली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुलूप, कारण खरी दोरी हाताला ओढ देते आणि त्या ओढीशिवाय हात हात राहत नाही. मग स्टुलावर बसल्या. पण नुसतं लावून जमेना. हाताला हाक लागते. तेव्हा बाई हाकाही स्वतःच द्यायला लागल्या. तुसड्या आवाजात म्हणायच्या, “रक्तपेढी द्या.” मग आपल्या आवाजात, “जोडते.” सर्दीच्या आवाजात, “बोर्ड, क्ष-किरण द्या ना.” “जोडते.” खर्जात, “धुलाई.” सकाळी आठला बसलेल्या त्या, मध्ये एकदा चहा केला असेल तेवढाच. दिवेलागणीपर्यंत ती खोली माणसांनी भरलेली होती.

सोमवारी जिन्यात शेजारीण भेटली. “काल पाहुणे होते वाटतं तुमच्याकडे? बरेच जण होते.”

“हो,” बाई म्हणाल्या. “गेले संध्याकाळी.”

पहिल्या दिवशी बोर्डवर हात पुन्हा विचारायला लागला. खालच्या रांगेपाशी जाऊन थबकायचा, डावीकडच्या कडेपासून चाचपायचा, एक, दोन, तीन, चार. वीस वर्षांच्या असताना चाचपायचा तसाच. बाईंना स्वतःचीच गंमत वाटली आणि भीतीही. पण मंगळवारी जरा बरं, बुधवारी आणखी बरं. संध्याकाळी घरी येऊन पुठ्ठ्यासमोर तासभर बसत होत्याच. दहा दिवसांत हात सरळ जायला लागला. बाईंचा जीव भांड्यात पडला. जिंकलो आपण, असं त्यांना वाटलं, आणि वाटू नये असं त्यात काही नव्हतं.

हाताचं एक आहे, नवीन शिकला म्हणून जुनं विसरतो असं नाही. जुनं तिथंच असतं, खाली बसून. घाई झाली की तेच आधी उठतं.

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला रस्त्यावर एक बस उलटली. पंधरा मिनिटांत फळीवर दिवेच दिवे. अशा वेळी बाई खुशीत असत, लाजायचं कशाला. गर्दी हीच त्यांची मजा होती. चार दोऱ्या एका वेळी, कान एकीकडे, हात दुसरीकडे. शस्त्रक्रियेच्या खोलीचा दिवा लागला.

“रक्तपेढी.”

“जोडते.”

हात सुटला, लागला, पुढच्या दिव्याकडे गेला. अर्ध्या मिनिटात तोच दिवा परत.

“बोर्ड, रक्तपेढी मागितली मी. तो चादरी विचारतोय मला.”

“जोडते, डॉक्टर.”

तोपर्यंत अपघात विभाग, भुलीचे डॉक्टर, फाटकावरचा पोलीस, तिघांचे दिवे. हात सुटला. तिसऱ्यांदा डॉक्टर ओरडले तेव्हा बाईंना कळलं होतं काय होतंय. डोक्यात आठवी रांग, चौथं, असं स्पष्ट होतं. आणि तरी, डोकं ते म्हणत असतानाच, हात तिसऱ्या रांगेत जाऊन प्लग घालून मोकळा झाला. आपलाच हात, आणि आपलं ऐकत नाही. शेवटी त्यांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, त्याला खाली आणलं आणि शिकाऊ पोरीसारखं मोजत मोजत चौथं भोक गाठलं. रक्तपेढीतून आवाज आला, “हो हो, माहिती आहे, पिशव्या निघाल्यात, माणूस येऊन सांगून गेला.” बाईंना काहीच कळेना. विचारायला वेळही नव्हता.

दुपारी एकपर्यंत धांदल ओसरली. पुरुषांच्या वॉर्डाला शस्त्रक्रियेची खोली जोडून दिली, आणि त्या दिवशी बाईंनी आक्कांचा नियम मोडला. कान उघडा ठेवला. “वाचला,” तुसडा आवाज म्हणत होता, “पण थोडक्यात. आणखी पाच मिनिटं गेली असती तर नसता.” बाईंनी कान बंद केला.

दोनच्या सुमाराला खोलीचं दार वाजलं. आत कुणीतरी आलं, साबणाचा वास आला.

“ताई, मी धुलाईतला.”

बाई उठून उभ्या राहिल्या. वीस वर्षांनी माणूस दारात आला होता. “तुम्हीच गेलात का रक्तपेढीत?”

“दुसऱ्यांदा डॉक्टरांनी माझ्याकडं रक्त मागितलं तेव्हाच पळालो. म्हटलं, बोर्ड कधी चुकत नाही, चुकला म्हणजे काहीतरी अडलंय. तिसरा फोन आमच्या पोरीनं घेतला. होतं असं, ताई. आमच्याकडं मागं कपाट सरकवलं होतं, दोन हात डावीकडं. घड्या मी न बघता फेकतो. महिनाभर चादरी जमिनीवर पडत होत्या. कपाट सरकलं, पण हाताला सांगायला कोणी गेलंच नाही.”

बाई हसल्या. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना समजेल असं काही बोललं होतं. “असंच झालं हो. अगदी असंच.”

“पण माझ्या चादरी मला दिसतात, ताई.” त्याचा खर्ज आणखी खाली गेला. “मी इकडं उभा आहे. तुम्ही मघापासून दाराच्या चौकटीशी बोलताय.”

बाईंनी मान वळवली. कडेनं एक बुटकासा माणूस दिसला, हात पुसत असलेला.

“मी कुणाला सांगणार नाही,” तो म्हणाला. “सांगायचं असतं तर वर गेलो असतो, इथं नसतो आलो.”

“सकाळी तुम्ही चहाला गेला असता तर?” बाईंनी विचारलं.

त्यानं हात पुन्हा एकदा पुसले. मग ‘येतो’ म्हणाला आणि गेला.

बाई खुर्चीवर बसल्या. दुपारवाली यायला अजून तासभर होता. त्यांना रडू येत नव्हतं, राग येत होता. कुणावर ते कळत नव्हतं. डोळ्यांवर म्हणावं तर ते बिचारे केव्हाचे सांगत होते. हातावर म्हणावं तर त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं. त्यांना भावाची मागची खोली दिसली, तिथली भिंतीकडे तोंड केलेली खाट दिसली. तेवढं मात्र अगदी मधोमध आणि स्वच्छ दिसलं. आणखी पाच मिनिटं, तो डॉक्टर म्हणाला होता. बाईंनी दोरी उचलली. हेडक्लार्क पहिल्या रांगेत सातवे, ते काही हललेले नव्हते.

“हं, बोला.”

“बोर्डवरून.”

“हं. द्या.”

“काय देऊ?”

“लाइन द्या हो. कोण आहे?”

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “मीच आहे.”

पलीकडे कागदांची सळसळ थांबली. “मीच म्हणजे?”

एकतीस वर्षांत त्या माणसाला आपण कधी स्वतःहून काही बोललोच नाही, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांना कुठून सुरुवात करावी कळेना. म्हणून त्या एका दमात बोलल्या. “मला दिसत नाही, साहेब. मधलं दिसत नाही. दीड वर्ष झालं. आज सकाळी शस्त्रक्रियेचे फोन धुलाईत गेले ते माझ्या हातून गेले. तो माणूस पळाला म्हणून निभावलं.” फळीवर उजव्या अंगाला उजेड झाला. “एक मिनिट हं. बोर्ड. हो सिस्टर. जोडते.” दुसरी दोरी उठली, सुटली, लागली. “हं. तर एवढं सांगायचं होतं.”

हेडक्लार्क गोंधळले होते. माणूस भला असावा, आवाजावरून तरी. “अहो पण दिसत नाही म्हणता, आणि आत्ता माझ्याशी बोलता बोलता जोडलंत की तुम्ही.”

“ते हातानं जोडलं,” बाई म्हणाल्या. “बरोबर लागलंय का, तेवढं कुणालातरी पाठवून बघून घ्या.”